फिलिपिनो पोर्क अदोबो घरी करताना

फिलिपिन्समध्ये जवळपास प्रत्येक घरात होणारा आणि प्रत्येक घरात थोडा वेगळा होणारा पदार्थ म्हणजे अदोबो. डुकराचे मांस व्हिनेगर, सोया सॉस, लसूण, अख्खी काळी मिरी आणि लॉरेलची पाने (बे लीफ) एवढ्या मोजक्या साहित्यात मंद आचेवर शिजवायचे, रस आटवायचा आणि गरम भाताबरोबर वाढायचे, इतकाच त्याचा विस्तार आहे. पदार्थ सोपा आहे यात शंका नाही. मात्र आपल्याकडच्या स्वयंपाकाची सवय असलेला हात इथे नेमका नको तिथे चालतो. कांदा परतून घ्यावा, आले-लसणाचे वाटण लावावे, शेवटी चिमूटभर गरम मसाला टाकावा असे सारखे वाटत राहते, आणि अदोबोला यातले काहीही लागत नाही. व्हिनेगरला किती वेळ, किती आच आणि किती मोकळी वाफ मिळाली यावर त्याची सगळी चव ठरते. म्हणूनच या लेखात मसाल्यांपेक्षा व्हिनेगरबद्दल जास्त लिहिले आहे. मसाल्याचा डबा आजच्यापुरता फडताळातच राहू द्यावा.

स्पॅनिश लोक सोळाव्या शतकात या बेटांवर येण्याच्या आधीपासून तिथले लोक मांस आणि मासे व्हिनेगर व मीठ घालून शिजवत असत. उष्ण, दमट हवेत मांस लवकर बिघडते आणि आम्लामुळे जिवाणूंची वाढ मंदावते, हे त्यामागचे साधे कारण. स्पेनमध्येही मांस व्हिनेगर-लसणात मुरवण्याची स्वतंत्र पद्धत होती व तिला अदोबो म्हणत. १६१३ साली छापलेल्या, तागालोग या तिथल्या भाषेच्या एका शब्दकोशात पेद्रो दे सान बुएनाव्हेंतुरा या फ्रान्सिस्कन धर्मोपदेशकाने स्थानिकांच्या पदार्थाची नोंद ‘इथल्या लोकांचा अदोबो’ अशी केली आणि पुढे तेच नाव रूढ झाले. सोया सॉस चिनी व्यापाऱ्यांबरोबर आला आणि त्याने मिठाची जागा बऱ्याच अंशी घेतली. आज आपण ज्याला अदोबो म्हणून ओळखतो तो तपकिरी रंगाचा पदार्थ त्यानंतरचा आहे. त्याआधीचा, सोया सॉस नसलेला पांढरा अदोबो अजूनही केला जातो आणि त्याचा उल्लेख पुढे येईल.

गोव्यातल्या वाचकांना हे वर्णन ओळखीचे वाटेल, आणि ते साहजिक आहे. पोर्तुगिजांनी व्हिनेगर आणि लसणात मांस मुरवण्याची आपली पद्धत गोव्यात आणली व तिच्यातून विंदालू घडले. मुंबई-वसईकडच्या ईस्ट इंडियन घरांतले इंदियाल हे त्याच कुळातले. पण विंदालूत मिरच्या, जिरे, दालचिनी यांचे वाटलेले मसाले व्हिनेगरचा आंबटपणा अंगावर घेतात, तर अदोबोत असे झाकणारे काही नसते. विंदालूच्या हिशेबाने व्हिनेगर ओतले आणि लगेच झाकण ठेवले तर पदार्थ नुसता आंबट होतो.

प्रमाणाबद्दल एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. जुलै २०२१ मध्ये फिलिपिन्सच्या व्यापार व उद्योग खात्याने अदोबोची प्रमाणित कृती ठरवण्याचा विचार मांडला, तेव्हा त्यावर इतकी टीका झाली की ही कृती परदेशात ओळख करून देण्यापुरती असेल, घरच्या स्वयंपाकावर तिचे बंधन नसेल, असा खुलासा खात्याला करावा लागला. तेव्हा खाली दिलेली मापे पहिल्यांदा करणाऱ्यासाठी आहेत. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला ती आपल्या जिभेप्रमाणे बदलावीत.

मांस

अदोबोसाठी तिकडे प्रामुख्याने दोन भाग वापरतात: पोटाकडचा भाग, ज्याला ‘लिएम्पो’ म्हणतात, आणि खांद्याचा भाग, म्हणजे ‘कासिम’. पोटाच्या भागात कातडी, चरबी आणि मांस यांचे एकाआड एक थर असतात; ते शिजून मऊ पडले की रसाला एक प्रकारचा चिकट दाटपणा येतो, जो पीठ किंवा वाटण घालून येत नाही. खांद्याच्या भागात मांस जास्त आणि चरबी कमी असते. माझ्या मते नवख्याने दोन्ही निम्मे निम्मे घ्यावेत, म्हणजे अर्धा किलो पोटाचे आणि अर्धा किलो खांद्याचे. त्यामुळे ताट फार तेलकट होत नाही आणि रसही पाणचट राहत नाही. पाठीचा चरबी नसलेला भाग मात्र घेऊ नये. तो तासभर शिजवला की कोरडा आणि तंतुमय होतो, आणि रस कितीही चांगला झाला तरी घास घशाखाली उतरत नाही.

मुंबई-पुण्यात डुकराचे मांस बहुतेक कोल्ड स्टोरेजच्या दुकानांत मिळते. गोव्यात म्हापसा-मडगावच्या बाजारांत ताजे मिळते. परवानाधारक दुकानातूनच घ्यावे, आणि पोटाचा भाग कातडीसकट हवा असे आधीच सांगावे, कारण पुष्कळदा दुकानदार न विचारता कातडी काढून देतात. मांस फिकट गुलाबी, चरबी पांढरी आणि घट्ट असावी. बोटाने दाबले तर खड्डा भरून यावा आणि आंबूस वास नसावा. डुकराच्या मांसात फीतकृमीच्या अळ्या असण्याची शक्यता असल्यामुळे ते कधीही अर्धेकच्चे खाऊ नये. अदोबो तासापेक्षा जास्त शिजत असल्याने तो प्रश्न उरत नाही, तरी कच्च्या मांसाची पाटी आणि सुरी वेगळी ठेवावी व हात साबणाने धुवावेत.

तुकडे साधारण चार सेंटिमीटरचे करावेत. शिजताना ते बरेच आक्रसतात. मटणाच्या रश्श्यासाठी करतो तेवढे लहान तुकडे केले तर शेवटी परतताना त्यांचा चुरा होतो. पोटाचा भाग कापताना सुरीखाली सरकतो, म्हणून कापण्याआधी अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवावा. थर घट्ट होतात आणि काप सरळ येतात.

व्हिनेगर

फिलिपिन्समध्ये व्हिनेगर हे बाटलीतले एकच एक द्रव्य नाही. नारळाच्या माडीपासून, खारट चिखलात वाढणाऱ्या निपा नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या रसापासून आणि उसाच्या रसापासून केलेली व्हिनेगरे तिथे वेगवेगळ्या भागांत वापरली जातात. बुलाकान प्रांतातल्या पाओम्बोंगचे निपाचे व्हिनेगर आणि उत्तरेकडच्या इलोकोस भागातले उसाचे गडद व्हिनेगर ही नावाजलेली आहेत. या सगळ्यांत आंबटपणाबरोबर मूळ रसाची थोडी गोडी आणि आंबवल्याचा वास शिल्लक असतो, आणि आटवल्यावर तोच रसात उतरतो.

आपल्याकडे याच्या सर्वांत जवळ जाते ते गोव्यातले माडाच्या सुरेचे व्हिनेगर. ते मिळाले तर दुसरे काही शोधू नये. गोव्यात कुणी ओळखीचे असेल तर एक बाटली मागवून ठेवावी. ती बरेच महिने टिकते. ते नसेल तर उसाच्या रसाचा सिरका चालतो, मात्र उत्तर भारतातून येणाऱ्या काही सिरक्यांत मसाले घातलेले असतात, त्यामुळे बाटलीवरचा मजकूर वाचून घ्यावा. सफरचंदाचे व्हिनेगर तिसऱ्या पसंतीचे. त्याने चव बिघडत नाही, पण फळाची एक गोडसर छटा मागे राहते. किराणा दुकानात सहज मिळणारे स्वच्छ पांढरे व्हिनेगर बहुतेक वेळा ॲसेटिक ॲसिडमध्ये पाणी मिसळून केलेले असते आणि त्याच्या बाटलीवर ‘सिंथेटिक’ असे लिहिलेले असते. त्याचा आंबटपणा धारदार आणि एकसुरी असतो. तेच वापरायचे झाले तर खालच्या मापापेक्षा चौथा हिस्सा कमी घ्यावे आणि तेवढे पाणी वाढवावे.

लिंबू, चिंच किंवा आमसूल हा व्हिनेगरला पर्याय नाही. चिंचेच्या आंबटपणावर तिकडे ‘सिनिगांग’ नावाचे वेगळे कालवण केले जाते. तो पदार्थ चांगला आहे, पण तो अदोबो नव्हे.

सोया सॉस, पाने, मिरी आणि लसूण

फिलिपिनो सोया सॉस पातळ, खारट आणि रंगाने गडद असतो. आपल्या दुकानांत ‘डार्क’ म्हणून जो मिळतो त्यात पुष्कळदा साखरेचा रंग आणि दाटपणासाठी इतर घटक असतात. तो एकटा वापरला तर रस काळा आणि गोडसर होतो. म्हणून ‘लाइट’ प्रकारचा, शक्यतो नैसर्गिकरीत्या आंबवलेला सॉस मुख्य ठेवावा आणि रंगासाठी डार्कचा एखादा चमचा घालावा. काही बाटल्यांमध्ये आधीच आम्ल मिसळलेले असते, तेही लेबलवर पाहावे.

सोया सॉसमध्ये मीठ किती असते याची कल्पना अनेकांना नसते. साध्या लाइट सोया सॉसच्या ९० मिलिलिटरमध्ये सुमारे १५ ग्रॅम मीठ जाते, आणि एक किलो मांसाला तेवढे पुरेसे आहे. वरून मीठ घालण्याची वेळ आलीच तर ती रस आटल्यानंतर येते. आधी घातलेले मीठ आटल्यावर दुप्पट जाणवते.

पानांच्या बाबतीत मात्र काळजी घ्यावी. तिकडे वापरतात ते लॉरेलचे पान आणि आपले तमालपत्र ही दोन वेगळ्या झाडांची पाने आहेत. तमालपत्राच्या देठाकडून टोकाकडे तीन ठळक शिरा धावतात आणि त्याला दालचिनी-लवंगेचा वास असतो. लॉरेलच्या पानाला मधोमध एकच शीर असते आणि वास सौम्य, किंचित औषधी असतो. मोठ्या दुकानांत लॉरेलची वाळलेली पाने इटालियन पदार्थांच्या कप्प्यात मिळतात. ती तीन-चार घालावीत. नसतील तर तमालपत्राचे एकच लहान पान घालावे. जास्त घातली तर पदार्थाला थेट बिर्याणीचा वास येतो.

काळी मिरी अख्खीच हवी. दीड चमचा घेऊन त्यातली अर्धी खलबत्त्यात नुसती फोडावी, पूड करू नये. लसूण सढळ हाताने घालावा: गावरान असेल तर अठरा-वीस पाकळ्या, मोठ्या पाकळ्यांचा असेल तर दहा-बारा. पाकळ्या सालीसकट ठेचाव्यात म्हणजे साल आपोआप सुटते. वाटण करू नये, कारण बारीक वाटलेला लसूण तळाला लागतो आणि कडवट होतो.

भांडे

भांड्यावर दोन वाक्ये लिहायलाच हवीत, कारण यात आम्ल तासभर उकळते. ॲल्युमिनियमचे पातेले, लोखंडी कढई आणि कल्हई नसलेले पितळी किंवा तांब्याचे भांडे वापरू नये. जाड बुडाचे स्टीलचे, इनॅमलचा मुलामा दिलेले किंवा मातीचे भांडे घ्यावे. तिकडे परंपरेने मातीचे ‘पालायोक’ वापरत आणि अजूनही काही घरांत वापरतात.

कृती

पाच-सहा माणसांसाठी एक किलो मांस धरले, तर व्हिनेगर १२० मिली, लाइट सोया सॉस ९० मिली, डार्क सोया सॉस एक चमचा, पाणी ३५० मिली, वर सांगितलेला लसूण, मिरी आणि पाने, एक चमचा तेल, आणि हवा असल्यास एक चमचा चिरलेला गूळ इतके साहित्य काढून ठेवावे. तिकडे गुळाऐवजी अशुद्ध तपकिरी साखर घालतात आणि बरेच जण काहीच गोड घालत नाहीत.

सुरुवातीला मांसाचे तुकडे, दोन्ही सोया सॉस, मिरी आणि दोन तृतीयांश लसूण एका काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात कालवून तासभर मुरवत ठेवावेत. उन्हाळ्यात भांडे फ्रिजमध्ये ठेवावे. रात्रभर ठेवले तरी चालते, पण त्याने फार मोठा फरक पडतो असे मला वाटत नाही. पुढे मांस त्याच द्रवात तासभर शिजणारच असते. या टप्प्यावर व्हिनेगर घालण्याची पद्धतही आहे. नवख्याने ते वेगळे ठेवावे, म्हणजे पुढची पायरी हातात राहते.

मुरलेले मांस सगळ्या द्रवासकट पातेल्यात घालून पाणी ओतावे आणि मध्यम आचेवर उकळी आणावी. वर करड्या रंगाचा फेस येतो, तो पळीने काढून टाकावा. उकळी नीट फुटली की लॉरेलची पाने घालावीत आणि व्हिनेगर पातेल्याच्या कडेने सर्वत्र ओतावे. आता दहा मिनिटे दोन गोष्टी करू नयेत: ढवळू नये आणि झाकण ठेवू नये. व्हिनेगर उकळण्याआधी ढवळले तर ते ‘कच्चे’ राहते, हे फिलिपिन्समध्ये घराघरांत सांगितले जाते. दोन्हींतले जास्त महत्त्वाचे कोणते असे विचाराल तर मी झाकणाचे नाव घेईन. ॲसेटिक ॲसिड पाण्यापेक्षा जास्त तापमानाला, ११८ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे ते सगळे उडून जात नाही. पण वाफेबरोबर त्याचा काही भाग निघून जातो आणि तो निघून जायला वाट हवी. झाकण ठेवले की तीच वाफ थंड होऊन परत रसात पडते. व्हिनेगर झाले की नाही हे नाकाने ओळखता येते. सुरुवातीला पातेल्यावर वाकले तर वास नाकात झोंबतो आणि डोळ्यांत पाणी येते. आठ-दहा मिनिटांनी तोच वास मऊ होतो आणि त्यात लसूण व मांसाचा वास मिसळलेला जाणवतो. नाक झोंबणे थांबले की पुढे जावे. स्वयंपाकघराची खिडकी मात्र उघडी ठेवावी.

आता आच मंद करावी, एकदा हलक्या हाताने ढवळावे आणि झाकण थोडे कलते ठेवून तासभर ते सव्वा तास शिजू द्यावे. रसात एखाद-दुसरा बुडबुडा वर येत राहावा, खळखळ उकळू नये. कातडीतल्या आणि स्नायूंमधल्या चिवट तंतूंचे जिलेटिन होण्यासाठी उष्णतेपेक्षा वेळ जास्त लागतो, आणि जोरात उकळल्याने मांस लवकर शिजत नाही, ते फक्त आक्रसून कोरडे होते. मध्येच पाणी कमी वाटले तर गरम पाण्याची अर्धी वाटी घालावी. तासाभराने कातडीचा एक तुकडा चमच्याच्या पाठीने दाबून पाहावा: सहज दबला आणि चमचा कातडीत उतरू लागला तर मांस झाले, रबरासारखा उसळला तर आणखी पंधरा मिनिटे द्यावीत. मांसाचा तुकडा सुरीच्या टोकाने टोचल्यावर अडथळा होऊ नये, पण तो आपोआप सुटा होईपर्यंतही शिजवू नये, कारण अजून परतायचे आहे.

मांस परतायचे कधी, यावर दोन पक्ष आहेत. काही जण सुरुवातीलाच तेलात परतून घेतात आणि मग शिजवतात. काही जण शिजल्यानंतर तुकडे बाहेर काढून परततात आणि पुन्हा रसात सोडतात. मी दुसऱ्या पक्षाचा. सोया सॉसमध्ये मुरलेले ओले मांस कच्चे असताना तेलात टाकले तर ते पाणी सोडते, वाफवल्यासारखे पांढुरके होते आणि सोया सॉस तळाला करपतो. शिजलेल्या तुकड्यांतले जास्तीचे पाणी आणि बरीचशी चरबी आधीच निघालेली असते, त्यामुळे ते दोन-तीन मिनिटांत खरपूस होतात आणि त्यांच्या कडा किंचित कुरकुरीत होतात. तुकडे झाऱ्याने काढून ताटात पाच मिनिटे निथळू द्यावेत आणि कागदाने टिपून घ्यावेत. एका पसरट स्टीलच्या किंवा नॉनस्टिक पॅनमध्ये चमचाभर तेल तापवून, रसावर आलेली चरबी पळीने अलगद काढून तीही त्यात घालावी आणि मध्यम आचेवर तुकडे एकेका थरात परतावेत. कातडी फुटून तेल उडते, तेव्हा जाळीचे झाकण हाताशी असू द्यावे, आणि लहान मुलांना ओट्यापासून लांब ठेवावे.

तुकडे बाजूला काढून त्याच चरबीत उरलेला एक तृतीयांश लसूण सोनेरी होईपर्यंत परतावा. त्यातला थोडा वर भुरभुरण्यासाठी काढून ठेवावा. मग पातेल्यातला रस गाळणीतून या पॅनमध्ये ओतावा. मऊ झालेला लसूण आणि मिरी परत घातली तरी हरकत नाही, पाने मात्र काढावीत. मोठ्या आचेवर रस निम्म्याहून कमी होईपर्यंत आटवावा, गूळ घालायचा असेल तर आता घालावा, आणि तुकडे पुन्हा सोडून तीन-चार मिनिटे हलक्या हाताने वर-खाली करावेत. केव्हा थांबायचे हे मराठी स्वयंपाक करणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही: रस तुकड्यांना लपेटू लागतो आणि कडेने तेल सुटते. भाताबरोबर कालवून खायचा असेल तर अंगाबेताचा रस ठेवावा. डब्यात किंवा प्रवासात न्यायचा असेल तर जवळजवळ कोरडा करावा.

चव शेवटी पाहावी आणि दुरुस्तीही तेव्हाच करावी. फार आंबट लागला तर वाटीभर गरम पाणी घालून पुन्हा उघड्यावर आटवावा, किंवा अर्धा चमचा गूळ घालावा. खारट झाला तर बिनमिठाचे नारळाचे दूध पाव वाटी घातल्याने तो बराच सावरतो, आणि तो चुकीचा पदार्थही ठरत नाही, हे पुढे दिसेलच. सपक वाटला तर चमचाभर व्हिनेगर घालून दोन मिनिटे उकळावा. वरून कच्चे व्हिनेगर शिंपडू नये.

कुकर वापरायचा असल्यास

वेळ नसेल तर प्रेशर कुकर चालतो, पण तो स्टीलचा हवा. व्हिनेगर घातल्यावर दहा मिनिटे झाकण न लावता उकळायची पायरी कुकरमध्येही गाळू नये. त्यानंतर झाकण लावून पहिली शिटी आल्यावर आच मंद करावी आणि पंधरा मिनिटांनी बंद करून वाफ आपोआप जिरू द्यावी. कुकरमध्ये पाणी आटत नाही, म्हणून सुरुवातीला २०० मिलीच घालावे. पुढचे परतणे आणि आटवणे नेहमीप्रमाणे.

काय बरोबर वाढावे

अदोबो भाताशिवाय अपुरा आहे, आणि भात साधा, बिनमिठाचा, किंचित मऊ हवा. त्यासाठी बासमतीपेक्षा आपला कोलम, आंबेमोहर किंवा इंद्रायणी जास्त योग्य; सुट्या लांब दाण्यांवरून रस ओघळून जातो, मऊ भात तो धरून ठेवतो. तिकडे बाजूला ‘अत्चारा’ म्हणजे कच्च्या पपईचे आंबटगोड लोणचे घेतात. ते नसेल तर टोमॅटो आणि काकडीच्या चकत्या पुरे. पोळी किंवा भाकरीबरोबर खायला कुणाची मनाई नाही, पण रसातला खारटपणा भातासाठी मोजलेला आहे, हे लक्षात घेऊन रस कमी घ्यावा.

काही प्रकार

पांढऱ्या अदोबोत सोया सॉस अजिबात नसतो. त्याऐवजी एक किलो मांसाला साधारण १५ ग्रॅम मीठ घालतात, बाकी कृती हीच. व्हिनेगर चांगले मिळाले असेल तर एकदा हा प्रकार जरूर करावा, कारण त्यात व्हिनेगरचा कस लागतो. बातांगास प्रांतात सोया सॉसऐवजी हळद घालून पिवळा अदोबो करतात; त्यासाठी ओली हळद ठेचून घातली तर रंग व वास दोन्ही चांगले येतात. बिकोल भागात नारळाचे दूध आणि तिखट मिरच्या घालतात. दूध शेवटच्या दहा मिनिटांतच घालावे आणि आच मंद ठेवावी, नाहीतर ते फाटते.

डुकराच्या मांसाबरोबर कोंबडी घालण्याचीही रीत आहे. कोंबडीचे तुकडे मांस शिजण्याआधी अर्धा तास घालावेत, एकदम घातले तर ते गळून जातात. आखातात नोकरी करणाऱ्या अनेक मराठी मंडळींनी फिलिपिनो सहकाऱ्यांच्या डब्यात पाहिलेला अदोबो बहुधा नुसत्या कोंबडीचाच असतो, कारण तिथे डुकराचे मांस सहज मिळत नाही. नुसत्या कोंबडीला पस्तीस-चाळीस मिनिटे पुरतात आणि पाणी निम्मेच लागते.

गोडाकडे कल असेल तर विसायास बेटांवरच्या ‘हुंबा’चे नाव लक्षात ठेवावे. तो अदोबोचा शेजारी म्हणता येईल, पण त्याचे मूळ चिनी, फुजियन भागातल्या मांसाच्या पदार्थात आहे. त्यात पोटाचे मांस, व्हिनेगर, सोया सॉस यांबरोबर अशुद्ध साखर बरीच जास्त, आंबवून खारवलेल्या काळ्या सोयाबिया, चक्रीफूल आणि वाळवलेले केळफूल घालतात, आणि मांस चमच्याने तुटेल इतके मऊ शिजवतात. वरच्याच कृतीत गूळ चार मोठे चमचे आणि चक्रीफूल एक घालून, परतण्याची पायरी गाळून आणखी अर्धा तास शिजवले, तर त्याच्या बरेच जवळ जाता येते. काळ्या सोयाबिया खूप खारट असतात. त्या मिळाल्या तर धुऊन घालाव्यात आणि सोया सॉस निम्मा करावा.

उरलेला अदोबो

अदोबो दुसऱ्या दिवशी जास्त मुरलेला लागतो, म्हणून पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशी शिजवून ठेवणे सोयीचे. फ्रिज नसण्याच्या काळात तो व्हिनेगर आणि मिठाच्या जोरावर बाहेर टिकवत, पण आपण तसे करू नये. आजच्या प्रमाणात व्हिनेगर कमी आणि पाणी जास्त असते. दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. नारळाचे दूध घातलेला असेल तर दोन दिवसांत. फ्रिजमध्ये रसावर चरबीचा पांढरा थर जमतो. तो टाकून न देता वेगळ्या वाटीत काढून ठेवावा. सकाळी त्याच चरबीत भरपूर लसूण परतून शिळा भात आणि मीठ घातले की ‘सिनांगाग’ होतो, आणि त्यावर तळलेले अंडे व अदोबोचे दोन तुकडे ठेवून फिलिपिन्समध्ये न्याहारी करतात. तुकडे फारच थोडे उरले असतील तर ते हाताने तंतू सुटे करून, कोरड्या तव्यावर मंद आचेवर कुरकुरीत होईपर्यंत परतावेत. हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले तर ते आणखी दोन दिवस भातावर घालून खाता येतात.